कारबीन की रिव्हॉल्व्हर?

पांढरकवड्याला मी ज्या घरात भाड्याने राहत होतो त्या घरात दोन हत्यारं होती आणि दोन्ही सागवानाची होती. एक लांब, खांद्याला लावायचं. दुसरं आखूड, कमरेला खोसायचं. राहायला गेल्यावर तिसऱ्याच दिवशी मी ओट्यावर उभा राहून दात घासत होतो, तेवढ्यात घरमालक ते लांब प्रकरण घेऊन अंगणात आले. डावा हात त्यांनी दुपट्ट्याने पाठीमागे बांधून घेतला होता. उजव्या हाताने त्यांनी ते खांद्याला लावलं आणि माझ्या मागच्या पपईवर नेम धरला. मी ब्रशसकट खाली बसलो.

"घाबरू नका पोस्टमास्तर," ते म्हणाले. "लाकडाची हाय. खरी कोनती घ्याची, त्याच्यावर इचार चालू हाय."

"किती दिवसांपासून?"

"दीड वर्स झालं असन."

मी साताऱ्याकडचा. पोस्टात साधा कारकून म्हणून लागलो होतो, पण घरमालकांनी मला पहिल्या भेटीतच पोस्टमास्तर करून टाकलं आणि मीही ते नाकारलं नाही. त्यांना स्वतःला सगळं गाव कंट्रोलर म्हणत असे. बसस्टँडवर काचेच्या खोलीत बसून गाड्या सोडण्याचं काम त्यांनी आयुष्यभर केलं होतं आणि निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी त्यांच्या अंगातला स्टँड काही निवृत्त झाला नव्हता. त्यांच्या खऱ्या नावाने टपाल आलं की आमचा पोस्टमन पाकीट उलटंपालटं करून विचारायचा, "हे कोन नवीन आलं बे इथं?"

घराला वेळापत्रक होतं. न्हाणीच्या दारावर ते खिळ्याने ठोकलेलं होतं आणि त्यात माझी गाडी सहा पस्तीसला लागून सहा पंचेचाळीसला सुटायची. सेहेचाळीस झाले की बाहेर शिट्टी वाजे. डोक्याला साबण असलेल्या माणसाला शिट्टी वाजवून बाहेर काढणं हा अन्याय आहे, असं मी एकदा त्यांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "साबन पुढच्या स्टॉपवर धुजा." स्वयंपाकघराच्या खिडकीवर त्यांनी तेलरंगात ‘चौकशी’ असं लिहिलं होतं, कारण घरातली कुठलीही माहिती त्या खिडकीतूनच मिळायची. खिडकीच्या आत काकू असत.

काकू घाटंजीच्या. बुटक्या, गोऱ्या, आणि बोलायला लागल्या की समोरच्याची बोलती बंद. त्यांच्या लग्नाची गोष्ट त्यांनी मला चौकशीच्या खिडकीतूनच सांगितली. कंट्रोलरांनी दोन मुली पाहिल्या होत्या, एक घाटंजीची आणि एक वणीची. दोन्ही पसंत. मग कोणती, यावर विचार सुरू झाला आणि सहा महिने तो संपेना. दोन्हीकडची माणसं येऊन चहा पिऊन जात. "शेवटी मीच निरोप धाडला," काकू म्हणाल्या. "म्हनलं, पोरगा हो म्हनते का नाई ते राहू द्या, पोरीनं हो म्हनलं, तारीख काढा. नाईतर आजवर बसला असता तो दोघींच्या मधात."

हीच कंट्रोलरांची गंमत होती. दुसऱ्याची गाडी असली तर एका मिनिटाचाही उशीर खपायचा नाही, आणि स्वतःची वेळ आली की फलाटच सापडायचा नाही. घराची समोरची भिंत अर्धी निळी आणि अर्धी पिस्ता होती, कारण रंगारी दोन्ही नमुने लावून बसला, बसला आणि शेवटी उठून गेला. चपला घ्यायला गेले तर एका पायात एक जात आणि दुसऱ्यात दुसरी घालून बाजारभर फिरून येत. हॉटेलात आलुबोंडा की मिरचीभजे यावर इतका वेळ घेत की दोन्ही थंड व्हायचे आणि मग ते म्हणायचे, आता काही मजा नाही, चहाच द्या.

तर अशा माणसासमोर त्यांच्या मामांनी मरताना दोन हत्यारं ठेवली.

मामा मुकुटबनचे. एके काळी तेंदूपत्त्याचे मोठे ठेकेदार. जंगलात महिना महिना मुक्काम असायचा आणि मजुरांच्या पगाराची पेटी बरोबर असायची, म्हणून त्या काळी त्यांनी परवाना काढून दोन विलायती हत्यारं घेतली होती. एक लिव्हरची कारबीन. घोड्याखालची कडी खाली ओढून वर मारली की आधीचं काडतूस बाहेर आणि नवं आत, खटाक-खटाक. दुसरं मोठ्या बोअरचं, म्हणजे रुंद नळीचं रिव्हॉल्व्हर, इतकं जड की ते कमरेला लावून मामा उजवीकडे झुकून चालत. मजा म्हणजे दोन्हीत एकच काडतूस चालायचं. कंट्रोलरांच्या मते सगळी पंचाईत तिथेच होती. "गोळ्या वेगळ्या असत्या तं काही फरक तरी काढता आला असता," ते कळवळून म्हणत.

मामांनी मृत्युपत्रात लिहिलं होतं की दोहोंपैकी एक हत्यार आधी भाच्याने निवडावं आणि राहील ते मुलाने घ्यावं. मला हे उलटं वाटलं. मुलगा सोडून भाच्याला आधी? काकू माझ्या अडाणीपणावर हसल्या. आमच्याकडे भाचा म्हणजे देवासारखा, त्या म्हणाल्या, पांढऱ्या मिशांचा मामासुद्धा शेंबड्या भाच्याच्या पाया पडतो. तेव्हा पहिला मान भाच्याचा, यात कोणाला काही वाटलं नव्हतं. दोन्ही हत्यारं यवतमाळला बंदुकीच्या दुकानात जमा होती. भाच्याने कोणतं ते लिहून द्यायचं, मुलाने हरकत नाही अशी सही करायची, की दोघांना एकेकाचा परवाना मिळायचा. आणि ठरलं नाही तर ठरावीक मुदतीनंतर दोन्ही सरकारजमा. ती मुदत कंट्रोलरांनी विनंती अर्ज करून एकदा वाढवून घेतली होती, आणि पुन्हा एकदा.

अडचण एवढीच होती, की मामांचा मुलगा अकरा वर्षं त्यांच्याशी बोलत नव्हता.

दोघं एकाच वर्षी जन्मलेले, एकाच ताटात जेवून वाढलेले. पण या मामेभावाच्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा वऱ्हाडासाठी त्याने स्टँडवरून बस ठरवली होती, सकाळी नऊची. कंट्रोलर ड्यूटीवर. नऊ वाजले. नवरीचे मामा आले नव्हते, एका आत्याची बांगडी सापडत नव्हती, अर्धं वऱ्हाड घरीच होतं आणि अर्धं स्टँडबाहेर रसवंतीवर उभं होतं. कंट्रोलरांनी घड्याळ पाहिलं, शिट्टी मारली आणि बस सोडली. आत ड्रायव्हर, कंडक्टर आणि फुगे. वऱ्हाड मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेलं, आणि नवरीच्या आईची पैठणी डिझेलने माखली.

"टाइम म्हंजे टाइम," ही गोष्ट निघाली की कंट्रोलर म्हणत, पण माझ्याकडे न पाहता म्हणत.

या निवडीसाठी त्यांनी जे जे केलं ते पाहून मला आधी हसू यायचं, मग राग येऊ लागला. यवतमाळच्या दुकानात जाऊन त्यांनी दोन्ही हत्यारांची मापं घेतली, वजन केलं. मग गल्लीतल्या सुताराकडून सागवानात हुबेहूब दोन नमुने करून घेतले आणि वजन जुळावं म्हणून आत शिसं ओतवलं. कारबीनच्या कडीसाठी जुन्या सायकलच्या ब्रेकची पट्टी वापरली होती, तिचाही खटाक आवाज येई. मग एक आठवडा कारबीन, एक आठवडा रिव्हॉल्व्हर, असं आळीपाळीने ते त्यांच्याबरोबर राहू लागले. राहू लागले म्हणजे खरंच राहू लागले. जेवताना शेजारी, झोपताना उशाला, वावरात जाताना बरोबर. कारबीन मोटारसायकलवर आडवी मावायची नाही, म्हणून त्या आठवड्यात ते चार किलोमीटर पायी जात. रिव्हॉल्व्हरच्या आठवड्यात त्यांचा पायजमा खाली यायचा. भर बाजारात एकदा नाडी तुटली तेव्हा चौकातल्या हवालदाराने त्यांना गाठलं. एका हाताने पायजमा आणि दुसऱ्या हाताने पिस्तूल धरलेला माणूस त्याने नोकरीत कधी पाहिला नसावा.

"हे काय होय, कंट्रोलर साहेब?"

"नमुना होय."

"कायचा?"

कंट्रोलरांनी त्याला सगळं सविस्तर सांगितलं. हवालदार तासाभराने सुटला आणि त्यानंतर तो त्यांना पाहिलं की रस्ता बदलायचा.

एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. चाचणी सुरू झाली की ते डावा हात दुपट्ट्याने बांधून घेत. तो सोडून काही करत नसत. एका हाताने कारबीन उचलायची, एका हाताने खांद्याला टेकवायची, एका हाताने कडी ओढायची. हे अवघड होतं. नळी खाली जाई, कडी अर्ध्यात अडके, कधी सगळंच पायावर पडे. पायावर पडलं की ते वहीत लिहीत. मी मोबाइलवर त्यांना बंदुकांचे दोन-चार व्हिडिओ दाखवले, सगळे लोक दोन हातांनी धरत होते. ते नुसतं हूं म्हणाले. काकू चौकशीतून ओरडत, "अजी, वारं गेलं का अंगावरून?" तरी दुपट्टा सुटायचा नाही.

त्यांच्या वावरातली डुकराची गोष्ट याच दिवसांतली. वावर जंगलाला लागून. एका धुऱ्याला, म्हणजे बांधाला, तूर, पलीकडे कापूस. कापूस वेचायला बाया येत, पण तुरीत रानडुकरं बसलेली असत आणि आदल्याच आठवड्यात शेजारच्या वावरात एका बाईला डुकराने मांडीला फाडलं होतं. बाया म्हणाल्या, कोणी बंदूकवाला बसवा, नाहीतर आम्ही येत नाही. कंट्रोलर म्हणाले, मी बसतो. रविवार होता, मीही गंमत बघायला गेलो.

ते धुऱ्यावर खाटेवर बसले, मांडीवर सागवानी कारबीन, डावा हात बांधलेला. मी हळूच म्हटलं, "काका, खरंच डुक्कर आलं तर?"

"तेच तं पाहाचं हाय."

दुपारच्या भाकरीच्या आधी ते आलं. तुरीत सळसळ झाली आणि एक मोठा काळा डुक्कर बाहेर पडून सरळ वेचणाऱ्या बायांच्या रांगेकडे सुटला. बाया किंचाळल्या. मी काय केलं ते सांगण्यात अर्थ नाही, मी खाटेच्या मागे होतो. कंट्रोलर उठले. एका हाताने कारबीन खांद्याला लावायला गेले, ती नेहमीप्रमाणे खाली झुकली, कडी अडकली. मग त्यांनी ती तशीच हातात धरली, मधे जाऊन उभे राहिले आणि जे आयुष्यभर केलं तेच केलं.

"प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे!" त्यांचा आवाज कोसभर गेला असेल. "पांढरकवड्याहून मुकुटबनला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर उभी आहे! प्रवाशांनी घाई करू नये!"

डुक्कर थांबला. रानातल्या जनावराला हा प्रकार नवीन असणार. त्याने कंट्रोलरांकडे पाहिलं, मान झटकली आणि डावीकडे वळून नाल्यात उतरून गेला.

बाया आधी थरथरत होत्या, मग हसायला लागल्या आणि थांबेनात. त्यांच्यातली म्होरकी म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "कंट्रोलर भाऊ, बंदुकीहून तुमचं तोंड बरं. थेच रोज आनत जा." मग तिने विचारलं, "पन हात काहून बांधला जी? एखांद्या वेळी मेले असते नं."

कंट्रोलरांनी खिशातून वही काढली आणि लिहिलं. मी वाकून वाचलं. ‘कारबीन. एका हातानं जमत नाई. जनावर समोर असन तं अजिबात नाई.’ संध्याकाळी घरी येताना मी चिडून त्यांना म्हटलं, की तुम्हाला दोन चांगले हात आहेत, एक बांधून जिवाशी खेळ कशाला करता? ते पुढे पुढे चालत राहिले.

याचं उत्तर मला पोस्टाच्या काउंटरवर मिळालं. पांढऱ्या सदऱ्यातला एक उंच माणूस रजिस्टर पाकीट घेऊन आला. पाकिटावर यवतमाळच्या त्याच ऑफिसचा पत्ता होता जिथून कंट्रोलरांना पत्रं येत, आणि पाठवणाऱ्याचा पत्ता मुकुटबनचा. मी वर पाहिलं. तिकिटाचे पैसे त्याने उजव्या हाताने दिले. डाव्या हाताची बाही खाली दुमडून पिन लावलेली होती. मनगटापासून पुढे हात नव्हता.

पावती घेऊन तो वळला आणि परत आला.

"तुमी त्या कंट्रोलरच्या घरी राह्यता म्हनते?"

"हो."

"बरा हाय का तो?"

"बरे आहेत."

"बीपीच्या गोया घेते का टाइमावर?"

"शिट्टी वाजवून घेतात."

त्याच्या मिशीखाली हसू आलं आणि लगेच गेलं. "मी इचारलं म्हनून सांगू नका," तो म्हणाला आणि निघून गेला.

मी अर्थातच सांगितलं. संध्याकाळी कंट्रोलर अंगणात रिव्हॉल्व्हरची चाचणी घेत होते, एका हाताने, आणि ती चांगली चालली होती. मी म्हटलं, तुमचे मामेभाऊ आले होते. त्यांनी नमुना पायरीवर ठेवला, दुपट्टा सोडला आणि डाव्या हाताची बोटं चोळत बसले. मी काही विचारलं नाही तरी त्यांनी सांगितलं.

"सहा वर्स झाले. कडबा-कुट्टीच्या मशीनीत हात गेला त्याचा. नागपूरले नेलं होतं. मले त्याच दिवशी समजलं. म्हनलं जावं. मंग म्हनलं, बोलत नाई तो आपल्यासंगं, गेलो अन् त्यानं तोंड फिरवलं तं? मंग म्हनलं, न जावं तं लोक काय म्हनतीन. जावं का न जावं, जावं का न जावं, त्याच्यात महिना गेला पोस्टमास्तर. तो घरी आला. मंग आता कोनत्या तोंडानं जाऊ?"

चौकशीच्या खिडकीत भांड्यांचा आवाज थांबला होता.

"मामानं मले पयले निवडाले सांगतलं. मले कायले पाह्यजे बंदूक? डुक्कर तं आवाजानं पयते. मी त्याच्यासाठी पाहून राह्यलो. लहानपनी कारबीन तोच धरत जाय. मामाच्या मागं मागं, तिच्याहून बुटका होता तरी. जीव होता त्याचा तिच्यावर. पन ते दोन हाताची हाय. अन् रिव्हॉल्व्हर एका हाताचं हाय. आता मी कारबीन घेतली अन् त्याले रिव्हॉल्व्हर ठेवलं, तं तो म्हनन, मह्या हातावर बोट ठेवलं यानं. अन् रिव्हॉल्व्हर घेतलं, कारबीन त्याले ठेवली, तं म्हनन, थुटा म्हनून थट्टा केली. तुमीच सांगा, काय करू?"

मला स्वतःची लाज वाटली. दोन महिने मी या माणसाला हसत होतो, पोस्टातल्या लोकांना त्याच्या नकला करून दाखवत होतो, आणि तो मात्र अंगणात एका हाताने कारबीन पेलून बघत होता, भावाला जमेल का म्हणून.

"मग त्यांनाच विचारा की," मी म्हटलं.

"पन पयले माफी मांगाची, का पयले बंदुकीचं इचाराचं?" ते म्हणाले आणि त्यांच्या चेहऱ्यावर तोच आलुबोंडा-मिरचीभजेवाला भाव आला. मी कपाळावर हात मारून घेतला.

शेवटचं पत्र आलं ते मीच घरी नेलं. आता मुदतवाढ नाही, अमुक तारखेला दुपारी चारच्या आत दोन्ही वारसांनी समक्ष हजर राहावं, न ठरल्यास हत्यारं सरकारजमा होतील. त्या दिवशी मी रजा टाकली. कंट्रोलरांवर माझा भरवसा नव्हता, काकूंचाही नव्हता. त्यांनी आम्हाला डबा दिला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "ऐकलं का जी? ठरवल्याबिगर येऊ नका. मी दार उघडनार नाई."

बसमध्ये त्यांच्या खिशात दोन अर्ज होते, एकात कारबीन भरलेली, दुसऱ्यात रिव्हॉल्व्हर. यवतमाळ येईपर्यंत त्यांनी ते अनेकदा काढून पाहिले. ऑफिसात आम्ही पोचलो तेव्हा मामेभाऊ आधीच येऊन बाकाच्या एका टोकाला बसला होता. कंट्रोलर दुसऱ्या टोकाला बसले. मला मधे बसावं लागलं. दोघंही समोरच्या भिंतीकडे पाहत होते आणि दोघांच्याही अंगाला एकाच साबणाचा वास येत होता.

टेबलापलीकडच्या मॅडम तरुण होत्या, कामाला चपळ. त्यांनी फाइल उघडली. "काका, कोणतं हत्यार घेताय? अर्ज द्या."

कंट्रोलर उठले. दोन्ही अर्ज हातात. उजवा पुढे केला, मागे घेतला. डावा पुढे केला, मागे घेतला. पंखा कुरकुरत फिरत होता. मॅडम वाट पाहत होत्या, मी मनात शिट्टी वाजवत होतो. मग ते एकदम वळले आणि बाकाकडे पाहून म्हणाले, "तुले कोनतं पाह्यजे?"

मामेभावाने त्यांच्याकडे पाहिलं नाही. तो मॅडमना म्हणाला, "मॅडम, त्याहिले सांगा, मह्या हाताकडे पाहून ठरवाचं काम नाई."

"हाताकडे पाहून नाई," कंट्रोलर म्हणाले. मग थांबले. "हाव. हाताकडे पाहूनच. मी दवाखान्यात आलो नाई. यावं का नाई, त्याच्यातच दिवस गेले. अन् ते बसही मी सोडाले नोको होती. चुकलं मह्यं. दोन्ही चुकलं."

आयुष्यात पहिल्यांदा ते दोन गोष्टींपैकी एक निवडत बसले नव्हते, दोन्ही एकदम बोलून मोकळे झाले होते. त्यांच्या कपाळावर घाम होता. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

मामेभाऊ बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. मग तो पुन्हा मॅडमनाच म्हणाला, आवाज मात्र जरा बसला होता, "त्याहिले सांगा, कारबीन. चालवाची कोनाले हाय आता? बाबाच्या खांद्याले होती ते. दसऱ्याले पुजली म्हंजे झालं."

"कारबीन त्याची," कंट्रोलर मॅडमना म्हणाले, "रिव्हॉल्व्हर मही." त्यांनी कारबीनचा अर्ज तिथल्या तिथे टरकन फाडला. इतक्या लवकर काही करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. रिव्हॉल्व्हरचा अर्ज त्यांनी टेबलावर ठेवला, सही केली, तारीख घातली, वेळही घातली, जी घालायची नसते.

मॅडमनी हरकत नसल्याचा लांब कागद मामेभावापुढे सरकवला. तो टेबलाशी आला, पेन घेतलं आणि सही करायला वाकला. पंख्याच्या वाऱ्याने कागद उडाला. त्याने डाव्या कोपराने दाबायचा प्रयत्न केला, पण कागद पेनाबरोबर फिरला आणि सहीचं पहिलं अक्षर वाकडं गेलं. त्याने पुन्हा कोपर टेकवलं, पुन्हा तेच. त्याचे कान लाल झाले. मॅडमनी पेपरवेट घ्यायला हात पुढे केला, मीही केला, पण आमच्या दोघांच्या आधी कंट्रोलरांचा तळहात कागदावर येऊन पडला होता.

मामेभाऊ क्षणभर त्या हाताकडे बघत राहिला. मग सही करू लागला. कागद अजूनही हलत होता, कारण कंट्रोलरांचा हात थरथरत होता.

"नीट धर ना बे," मामेभाऊ म्हणाला. मॅडमना नाही, त्यांना.

कंट्रोलरांनी दुसरा हातही कागदावर ठेवला.